मासळीच्या बर्फातली नळी

माझ्या दूरच्या नातवंडांनो,

परवा फोनवर थोरलीने तिच्या प्रयोगशाळेतलं यंत्र दाखवलं. रक्तातल्या पेशी त्यातून एकामागून एक जातात, लेझरखाली चमकतात आणि यंत्र त्यांची मोजदाद करतं. "आजी, तुझ्या वेळी कोण मोजायचं गं?" तिने विचारलं आणि धाकटा हसला. मी मोजायची. विसरायच्या आत लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका इस्पितळात टेक्निशियन होते. जिन्याखालच्या खोलीच्या खिडकीला काळा कागद चिकटवून आम्ही भरदिवसा काळोख केला होता. तिथे मायक्रोस्कोप होता आणि परदेशातून येणारी अँटिबॉडी. ती रक्तातल्या एकाच जातीच्या पेशीला शोधून चिकटते, इतरांकडे ढुंकूनही पाहत नाही. तिला एक रंग जोडलेला असे. निळ्या प्रकाशात पाहिलं, की काळोखात हिरव्या कडा उमलत.

वर्सोव्याच्या एका मासळीवालीची आठ वर्षांची मुलगी वॉर्डात होती. रक्ताचा कॅन्सर. बिघडलेल्या पेशी टी जातीच्या की बी, हे कळल्याशिवाय डॉक्टरीणबाईंना औषध ठरवता येईना. आणि टीची अँटिबॉडी एका तपासणीपुरतीच उरलेली. नवी यायला महिने लागत.

त्या दिवशी सकाळभर वीज नव्हती. अकराला आली, पण फ्रिजमधला बर्फ वितळून गेला होता. अँटिबॉडी घातल्यावर रक्ताची नळी अर्धा तास बर्फात ठेवावीच लागे. नाहीतर चमक पेशीभर न राहता एका टोकाला गोळा होते. मी शिपायाला बर्फासाठी पिटाळत होते, तोच बाकावरून मुलीची आई उठली.

"बाय, बरफ पायजे? आदी सांगायचं ना!"

तासाभरात ती रिक्षाने मासळीची पेटी घेऊन आली. बर्फात दोन बोंबील अडकले होते.

"ताजं हाय एकदम."

"बर्फ की बोंबील?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दोनी!"

त्याच बर्फात मी नळी रोवली. अर्धा तास त्या काळोखात बंदराचा वास दरवळत होता. आपण पाण्याखाली बसलोय असं मला वाटत राहिलं. मग मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. एक हिरवी कडा, मग दुसरी, मग जिकडे तिकडे. जिथे प्रकाश पडे तिथली चमक बघता बघता फिकी होई, म्हणून भरभर मोजून पुढे सरकायचं. जवळजवळ सगळ्याच पेशी चमकत होत्या. डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं. "टी," त्या म्हणाल्या आणि औषध लिहायला वर गेल्या.

"मना पन बगू दे ना," दारातून आई म्हणाली. बाहेरच्यांना आत घ्यायचं नाही, असा नियम होता. मी तिला स्टुलावर बसवलं.

"अगो बाय! अंधारान दर्या चमकतो तसा दिसतंय." ती भिंगावर आणखी वाकली. "कमी होतंय गो."

"बघत राहिलं की विझतं ते."

"ही चमक आजाराचीच ना?"

"हो."

"मंग बगतच ऱ्हाते मी. इजू दे सगली."

नुसत्या बघण्याने आजार जात नाही, हे मी तिला सांगू शकले असते. सांगितलं नाही. शेवटची कडा मालवेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

उपचार काही वर्षं चालले. ती खोली आता नाही, मायक्रोस्कोप भंगारात गेला. ती मुलगी मात्र अजून आहे. वर्सोव्याला राहते आणि मासळी विकते.