कोणी नसलेला किनारा

माझ्या साडूंना लिवाच्या वाळवंटात मधोमध एकटं सोडून या. संध्याकाळपर्यंत ते तिथून तीन माणसं जेवायला घरी घेऊन येतील आणि त्यातला एक तरी चिपळूणचा निघेल. ही अतिशयोक्ती नाही. अनुभवाने आणि बऱ्याचशा वैतागाने लिहितो आहे. मी स्वतः अबू धाबीत, अल रीम आयलंडवरच्या एका उंच इमारतीत राहतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला ठाऊक नव्हतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नव्हती. साडू पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा लिफ्ट वर पोचेपर्यंत त्यांना माझ्या शेजाऱ्याचं नाव, गाव आणि त्याचा मधुमेह हे सगळं कळलेलं होतं. तेव्हापासून तो गृहस्थ मला रोज लिफ्टमध्ये आपली साखर सांगतो.

या रोगाचं मूळ त्यांच्या गावात आहे. देवगडच्या बाजूला घरात पानं मांडलेली असताना दारावरून कोणी गेलं, तर “या जेवूक” म्हणायचं अशी रीत. मग जाणाऱ्याने “जेवा तुम्ही” म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं. साडूंनी या रीतीतला आपला अर्धा भाग न चुकता आखातात आणला. दुसरा अर्धा इथे कोणी पाळायलाच तयार नाही. दुबईतल्या अल क्वोजच्या कामगार-कॅम्पात सहा जणांच्या खोलीत राहणारा, महिनोन्‌महिने घरचं न खाल्लेला माणूस “जेवा तुम्ही” कशाला म्हणेल? तो चप्पल काढून आत येतो. साडू नोकरी करतात हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात, मशिनांच्या देखभालीची. पण शारजातलं त्यांचं घर पाहिलं तर माणूस खाणावळ चालवतो असंच वाटेल. एकदा ते दात दाखवायला गेले आणि दाताच्या डॉक्टरलाच घेऊन आले. दात तसाच राहिला. डॉक्टर मात्र दोनदा सोलकढी प्यायला.

या सगळ्याचा भार पडतो तो ताईंवर. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. बोलणं कमी, हात सतत चालू. घरात बैठक रंगलेली असते, साडू कोणाला तरी आग्रह करत असतात, “लाजू नका हो, घर आपलंच आहे,” आणि आतून एकामागून एक भाकरी येत राहते. त्यांची मुलगी इथेच वाढलेली. ती कानाला हेडफोन लावून खोलीचं दार बंद करते. ताईंना लावायला दार नाही.

तर या ताईंनी लग्नाच्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. साडूंनी आपणहून विचारलं होतं, “पंचविसावा वाढदिवस आहे लग्नाचा, काय हवं?” त्यांना वाटलं बांगड्या म्हणेल. ताईंनी मोबाईल पुढे केला. त्यावर भूमध्य समुद्राच्या काठचा एक फोटो होता. डोंगराच्या कुशीत लपलेला चिमुकला किनारा, पांढरे गोटे, निळं पाणी, आणि माणूस एकही नाही.

“अगं, पण तिथे आपल्या ओळखीचं कोण आहे?” साडूंनी विचारलं.

“कोणी नाही,” ताई म्हणाल्या. “म्हणून तर.”

हे मी समोर बसून ऐकलं. साडूंनी ते मनावर घेतलं, पण त्यांच्या पद्धतीने. म्हणाले, “त्यासाठी युरोपात कशाला जायला हवं? डोंगर इथे आहेत, समुद्र इथे आहे. कोणी नसलेला किनारा मी शोधून देतो, इन्शाल्ला.” आणि कोणी नसलेला किनारा शोधायला त्यांनी शारजातल्या झाडून सगळ्या ओळखीच्यांना कामाला लावलं.

शेवटी खोरफक्कानच्या एका बांगलादेशी बोटवाल्याने ठिकाण सांगितलं. पाहणी करायला साडू मला घेऊन गेले, कारण एकटं जाणं शक्यच नव्हतं. बोटीत पाय ठेवण्याआधी त्यांनी धक्क्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. नव्या पाण्यात उतरायचं तर तिथल्या राखणदाराला सांगायला हवं, हा त्यांचा नियम. “बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां आज तुझ्या दारात इली हत...” असं त्यांनी खड्या आवाजात सुरू केलं आणि दर वाक्याला माझ्याकडे पाहू लागले, कारण समोरच्याने “व्हय म्हाराजा!” म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. आजूबाजूला गळ टाकून बसलेले लोक बघत होते. मी पुटपुटलो, तर म्हणाले, “मोठ्याने, साडू, देव काय तुमच्या बाजूच्या खुर्चीत बसलाय?” मी ओरडलो. इतकी वर्षं कॉर्पोरेट नोकरीत जपलेली अब्रू त्या धक्क्यावर गेली.

पण किनारा मात्र खरोखरच होता. डोंगराला वळसा घातला आणि समोर तो आला. ना टपरी, ना छत्र्या, ना मोबाईलला रेंज. पाणी इतकं नितळ की तळचे खडे दिसत. एका बाजूला खडक पुढे झुकलेला, त्याच्याखाली सावली. मीसुद्धा क्षणभर गप्प झालो. साडू गप्प झाले नाहीत. “इथे पन्नास माणूस आरामात बसेल,” ते म्हणाले. तिथेच मी त्यांच्याकडून शपथ घेतली, की हे कोणाला सांगायचं नाही. त्यांनी आईची शपथ घेतली.

ठरलेल्या दिवशी मी आणि बायको ताईंना फक्त शुभेच्छा द्यायला धक्क्यावर पोचलो. त्या दोघांना बोटीत बसवायचं आणि आपण परत फिरायचं, असा बेत होता. पाहतो तर गाड्यांची रांग. हमरियाचे फिटर, चिपळूणचा क्रेनवाला, इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, त्यांचे सासरे, चटया, ढोलकी आणि तो दाताचा डॉक्टर. साडूंची मुलगी गाडीतून उतरली, तिने सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, प्लीज. धिस इज नॉट अ वेडिंग.”

मी साडूंना बाजूला ओढलं. “आईची शपथ घेतली होती ना तुम्ही?”

“जागा कुठे सांगितली मी? काल कामावर एवढंच सांगितलं, उद्या का येणार नाही ते. आता समोरच्याला सांगायचं समुद्रावर जातो आणि चल म्हणायचं नाही? हे आपल्यात बसत नाही, साडू.”

गाडीच्या डिकीतून दोन मोठी पातेली निघाली. कोंबडी आणि वडे. मी विचारलं, “हे कोणी केलं?”

“हिनंच. पहाटेपासून तळत होती. हिच्यासारखे वडे दुसऱ्या कोणाला जमतात?” ते अभिमानाने म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. वयाने, नात्याने मोठा माणूस, पण मी आवाज चढवला. “त्यांनी तुमच्याकडे काय मागितलं होतं? आठवतंय का? पंचवीस वर्षांत एकच गोष्ट!”

“कोणी नको म्हणाली होती,” ते म्हणाले.

“मग?”

त्यांनी धक्क्यावरच्या गर्दीकडे पाहिलं, पातेल्यांकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, “कोणी नको... म्हणजे मी पण?”

“हो! तुम्ही पण!” मी रागाच्या भरात बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली. ताई थोड्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं, कारण त्या पायांकडे पाहत होत्या. साडू त्यांच्याजवळ गेले, हाताला धरून त्यांना बोटीत बसवलं, पाण्याची बाटली आणि चटई दिली, आणि स्वतः मागे सरकले.

“सेठ, मॅडम अकेली?” बोटवाल्याने विचारलं.

“हां, अकेली. छोड के वापस आओ. चलो, यल्ला.”

बोट सुटली. ताईंनी “तुम्ही?” असं विचारलं नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. साडू ती बोट डोंगराआड जाईपर्यंत पाहत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मग ते वळले आणि पंगत धक्क्यावरच बसवली. सगळ्यांना वाढलं, आग्रहही केला, पण नेहमीची धार नव्हती. मधूनच माझ्याजवळ येऊन विचारत, “तिथे ऊन आलं असेल का आता?” थोड्या वेळाने, “एकटीला भीती नाही ना वाटणार?” मग, “वडे दिलेच नाहीत हो तिला.” स्वतः ते जेवले नाहीत. मला ते समजायला हवं होतं, पण मी अजून रागात होतो.

दुपार कलली तेव्हा मी आणि साडू बोटीतून ताईंना आणायला निघालो. या खेपेला साडू वाटेत बोटवाल्याशीही बोलले नाहीत. डोंगराला वळसा घातला. ताई खडकाच्या सावलीत चटईवर कुशीवर झोपल्या होत्या. चपला दूर पडलेल्या, केस सुटलेले, एक हात वाळूत. बोटवाला हाक मारणार तोच साडूंनी त्याचा दंड धरला आणि इंजिन बंद करायची खूण केली. बोट पाण्यावर हलत राहिली. साडू टक लावून बघत होते.

“दिवसा झोपलेली मी हिला कधी पाहिलीच नाही,” ते म्हणाले. “किती दमली असेल हो.”

मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमच्या नात्यात तशी पद्धत नाही. ऊन उतरायला लागलं. बोटवाला घड्याळ दाखवू लागला, त्याला दुसरं भाडं होतं. मी विचारलं, “हाक मारू का?”

“नको,” साडू म्हणाले. “अजून कोणी आलेलं नाही असं वाटू दे तिला.”