शालनवहिनींची अकरा जणींची टीम

रविवारी सकाळी आमच्या तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शालनवहिनींचा आवाज आला. पुढच्या मॅचला कुणाकुणाला खेळवायला हवं, हे त्या नेहमी असं बोलूनच पाठवत; टाइप करायचा त्यांना कंटाळा. गोलकीपर तीच, मागच्या चौघीही त्याच... आणि मग, "सायलीला ह्या खेपंला मधी नगं. कडंला खेळवा. का ते... थांबा, कुकर झालाय. मग सांगते."

दुपारी शिर्के सरांचा फोन आला. "वहिनी गेल्या."

"आटपाडीला? आज?" मी विचारलं. मला खरंच तसं वाटलं. त्यांचं सासर आटपाडीकडचं, महिन्यातून एकदा त्या शेताकडे जाऊन यायच्या. "आटपाडीला नव्हे हो," सर म्हणाले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. जेवण उरकून त्या आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. शेजारच्या बाईंनी दार वाजवलं आणि नंतर पुण्याला त्यांच्या मुलाला कळवलं.

याला आता काही आठवडे झाले. या दिवसांत मी एका जागी धड बसलेलो नाही. पेपर उघडतो, ठेवतो. फिरायला निघतो, अर्ध्या वाटेतून परत येतो. बायको म्हणते, तुमचं काहीतरी हरवल्यासारखं चाललंय. वहिनी काही माझ्या नात्यातल्या नव्हत्या. पण त्यांच्याइतकं भांडण मी आयुष्यात कुणाशी केलं नाही, आणि सगळं भांडण फुटबॉलवरून.

त्यांचे यजमान सैन्यात होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी बँकेत होतो, तिथं त्यांच्या पेन्शनच्या निमित्ताने ओळख झाली आणि पुढे सांगलीच्या विश्रामबागेत आम्ही संध्याकाळी बरोबर फिरू लागलो. सुभेदार त्यांच्या पलटणीच्या टीममधून लेफ्ट बॅक खेळलेले, त्यामुळे फिरणं मैदानापाशी येऊन थांबायचं. तिथं मुलींची एक टीम सराव करायची. शिर्के सर शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. ते आम्हाला तिथंच भेटले. सुभेदार वारले, तेव्हा आमचं मैदानावर जाणंही संपलं असं मी धरून चाललो होतो. पण एका संध्याकाळी मॅच चालू दिसली म्हणून वळलो, पाहतो तर साडी आणि पायांत पांढरे बूट अशा वेशात वहिनी मैदानाच्या कडेच्या दोरीला टेकून उभ्या. एक गोल झाला, मी टाळ्या वाजवल्या, तशा माझ्याकडे वळल्या. "भावजी, टाळ्या कुणाला वाजवताय? ती पोरगी ऑफसाइड हाय." पंचाने त्याच क्षणी हात वर केला.

पुढे त्यांनीच कधीतरी सांगितलं. लग्न होऊन त्या ईशान्येकडच्या कुठल्याशा छावणीत राहायला गेल्या, तेव्हा शेजारणींची भाषा कळत नव्हती, बाजारात बोलता येत नव्हतं. संध्याकाळी जवानांच्या मॅच असत. "तेवढं एक समजायचं बगा. मग रोज जाऊन बसायची. ह्यांनी चुकीचा पास दिला की घरी आल्यावर सांगायची." सुभेदारांना घरी रोज पंचनामा ऐकावा लागत असणार, हे आम्हाला तेव्हा कळलं.

सायली आमच्या मैदानावर आली ती म्हसवडहून. कॉलेजसाठी सांगलीत वसतिगृहावर राहायची. बुटकी, बारीक, दोन वेण्या घट्ट वर बांधलेल्या. पहिल्याच मॅचला ती मध्यभागी खेळली आणि आम्ही तिघंही बोलायचे थांबलो. बॉल तिच्याकडे यायच्या आधीच ती मान वळवून मागचं पुढचं बघून घ्यायची. त्यामुळे बॉल पायाला लागला रे लागला की पुढे गेलेला असायचा, आणि समोरची पोरगी जिथं सायली आत्ता होती तिथं धावत यायची. त्या दिवसापासून आमच्या भांडणाला विषय मिळाला. वहिनी घरून भडंग आणायच्या. त्यातले शेंगदाणे वेचून कागदावर मांडायचे आणि टीम लावायची. माझं म्हणणं, पोरगी चपळ आहे, तिला उजव्या कडेला मोकळं सोडा. सरांचं म्हणणं, ती अजून कच्ची आहे, दुसऱ्या हाफमध्ये उतरवा. वहिनी आमचे दोघांचे दाणे उचलून मधोमध ठेवायच्या. "खेळ हितनं चालतो. हितं डोकं लागतं. कडंला टाकून तिला वाया घालवू नगा." कधीकधी सर चिडून ठेवलेला दाणा खाऊन टाकायचे. मग वहिनी म्हणायच्या, "आता धा जणींनीच खेळायचं का?"

मोसम अर्धा सरला आणि सायलीचा खेळ उतरला. नुसता उतरला नाही, पडला. साधे पास चुकायचे. बॉल गेल्यावर मागे धावायचं सोडून नुसती उभी राहायची. उपांत्य सामन्यात तिनेच दिलेल्या बॉलवर आमच्यावर गोल झाला. कशीबशी जिंकलो, पण लोकांनी तिला सोडलं नाही. "म्हसवडला पाठवा तिला!" असं एकजण ओरडला, तशा वहिनी दोरीच्या कडेने चालत थेट त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तू कुठनं आलास रं? तुला कुठं पाठवू?"

आणि त्याच वहिनी पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, फायनलला सायलीला बाकावर बसवा.

आम्हाला खरं वाटेना. सगळे तिच्या नावाने बोटं मोडत असताना तिची बाजू घेणारी ही एकटी बाई. मग सर आणि मी सायलीची वकिली करू लागलो. मोठ्या मॅचला अशी खेळाडू बाहेर ठेवतात का, तिचा जीव खचेल, वगैरे. "खचू दे," वहिनी म्हणाल्या. कारण विचारलं तर तोंड उघडेनात. त्या दिवशी आमचं इतकं वाजलं की भडंगाचा डबा तसाच परत गेला. वहिनी एकट्या कोचला जाऊन भेटल्या. काय बोलल्या कुणास ठाऊक, सायली फायनलला बाकावर बसली. आम्ही पेनल्टीवर हरलो. बक्षीस समारंभात तिने डोक्यावरून टॉवेल घेतला होता, तो काही काढला नाही. वहिनी जवळ गेल्या तर उठून दुसरीकडे जाऊन बसली.

दोन दिवसांनी वहिनींचा फोन. "भावजी, उद्या म्हसवडला यायचं का?" एसटीत खिडकीशी बसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. सायली पोलीस भरतीची तयारी करत होती. अंधारात उठून रस्त्यावर धावायचं, मग कॉलेज, मग संध्याकाळी सराव. हाफ टाइमला बाकीच्या पाणी पितात आणि ही खाली बसून पोटऱ्या दाबत असते, हे वहिनींनी बघितलं. खोदून विचारलं तेव्हा पोरीने कबूल केलं, आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. "शपथ मोडली मी. कोचला तेवढं सांगितलं. पाय मोडून घेतला असता तिनं."

सायलीचे वडील शेतकरी, थोरला मुलगा सैन्यात. ओसरीवर त्यांनी आम्हाला बसवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवं, खेळून किती दिस खेळंल ती? एकदा वर्दी चढली अंगावर की मला झोप लागंल."

"चढंल की," वहिनी म्हणाल्या. "वर्दीच्या घरातच जलम गेला माझा. पर दोन्ही एकदम न्हाई झेपत तिला. पोरगी पाय वढत चालतीया. ह्या साली खेळू द्या, फुडल्या साली भरतीला धावंल."

त्यांनी वहिनींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "तुमी कोन तिच्या?"

"मी कोन न्हाई. मी मॅच बगायला जाते."

त्यावर त्यांनी आत चहा सांगितला. शब्द काही दिला नाही. पण पुढच्या आठवड्यापासून सायलीचं पहाटेचं धावणं बंद झालं, आणि सराव संपला की ती वहिनींच्या घरी जेवायला जाऊ लागली. "बोलते का?" मी विचारायचो. "न्हाई. जेवती. बोलंल कवातरी."

बोलली असेल का? शेवटच्या निरोपात वहिनींनी तिला कडेला खेळवायला सांगितलं, ते तिच्या पायांना आराम म्हणून? की इतके दिवस मी म्हणत होतो ते त्यांना पटलं? की सायलीनेच जेवताना काही सांगितलं होतं? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मला न्हाई म्हायती काका. आदल्या रातच्याला आमी भाजीवरनंच बोललो." तो निरोप मी पुन्हा पुन्हा ऐकतो. कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते.

गेल्या रविवारी नव्या मोसमातली पहिली मॅच होती. सर आणि मी दोरीपाशी दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून उभे होतो. ठरवून नाही, झालं तसं. कोचने सायलीला मध्येच खेळवलं. आणि काय खेळली! गोल तिने केला नाही, पण ज्या पासवर तो झाला, तो मैदानात फक्त तिलाच दिसला होता. दुसऱ्या हाफमध्ये तिच्यावर सगळ्यांचे डोळे लागलेले असताना तिने बाकाकडे पाहून हात वर केला आणि दोन बोटं फिरवली. बदली मागत होती, स्वतःहून! कोचलाही कळेना. लोक कुरकुरले. मागून कुणीतरी "नखरे बघा" म्हणालं, तसे कधी आवाज न चढवणारे शिर्के सर गर्रकन वळले आणि म्हणाले, "चला, तुम्ही उतरा मैदानात."

मॅच बरोबरीत सुटली. सायली बूट हातात घेऊन, अनवाणी आमच्याकडे आली. "पोटरी धरायला लागलीवती. बरोबर केलं न्हवं मी?"

"अगदी वेळेवर निघालीस," मी म्हणालो.

"घाई केलीस," सर म्हणाले. "अजून दहा मिनिटं उभी राहिली असतीस तरी आपण जिंकलो असतो."

ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा सरांकडे. मग आमच्या मधल्या जागेकडे तिची नजर गेली आणि ती खाली बघून बुटांच्या नाड्या सोडवत राहिली. त्या आधीच सुटलेल्या होत्या.

सर आणि मी चौकापर्यंत भांडत गेलो. तिथं माझा रस्ता एकीकडे, त्यांचा दुसरीकडे. तरी बराच वेळ उभे होतो. ते मागे हटेनात, मीही हटेना... आणि दोघांनाही गप्प बसवेल असं कुणी नव्हतं.