विहिरीच्या कुलपाची झडती

वासूदादा अकोल्याहून दुपारच्या गाडीनं येणार होता म्हणून मी बडनेऱ्याच्या फलाटावर उभा होतो. गाडीतून उतरला त्याचा मोठा भाऊ, एकटाच. मी विचारलं, "दादा कुठी?" तो म्हणे, "तो नाई येत आता." आन् मी हासलो! मले वाटलं, गड्याले अजून एखादी झडती सापडली असन, बसला असन कोण्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर... भाऊनं माह्या खांद्यावर हात ठेवला तवा समजलं. अकोल्यात मुदतीच्या तापानं गेला. त्याले महिना होऊन गेला, पण ते हासणं अजून मले ऐकू येते.

दादा शेंदूरजनाघाटचा, माळ्याच्या घरचा. संत्र्याचे बगीचे पाहून सौदे करत गावोगाव फिरे, आन् अमरावतीत राजापेठेत एका खोलीत मायसोबत राहे. ज्या गावी सौदा, त्या गावच्या झडत्या घेऊनच परते. बाहेरच्या वाचकाले सांगतो... पोळ्याले तोरणाखाली बैल उभे राहिले का एक जण हात वर करून यमकाचा टोमणा हाणते, तीच झडती. पाटील असो, सावकार असो का तहसीलदार, कोणीच सुटत नाही. दादा म्हणे, "मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारी पुस्तकात कापूस किती पिकला ते सापडते. गावात कोण कसं वागलं ते झडतीत पाह्य." तो सांगे, मी आमच्या वाचनालयाच्या मशीनवर टाइप करो. माही बोटं धावत, तो वरून ओरडे, "अबे हळू! म्हातारीनं 'इहीर' म्हटलं, तू 'विहीर' काहून करून राहिला? तिच्या तोंडचं पुण्याले नको धाडू!" एक प्रत वाचनालयाच्या अलमारीत, एक त्या गावाले. पुढच्या पोळ्याले पोट्टे तीच झडती मोठ्यानं म्हणत, आन् दादा लग्नातल्या वरबापासारखा मिरवे.

त्यातली एका गावची झडती मोठ्या दुष्काळातली. त्या गावचे तीन म्हातारे वेगवेगळे भेटले, तिघायनंही सारखीच सांगतली :

आभाळ रुसलं, नाला आटला, घागर गेली सुकून,
पाटलानं इहिरीले कुलूप लावलं, किल्ली कमरेले खोचून!
हर बोला, हर हर महादेव!

आता त्या पाटलाचे नातू म्हणजे आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष वकीलसाहेब. माणूस भला, आमाले मशीन त्यायनंच मिळवून देल्ली. पण हा कागद वाचला आन् चेहरा उतरला. म्हणाले, "वासुदेवराव, आमच्या आजोबाले जाऊन किती वर्षं झाली. आता कशाले?" दादा हात जोडून म्हणे, "साहेब, पोळ्यातला कायदा तुमालेही माहीत आहे. झडतीवर रागावणारा हरला. झडतीले झडतीनंच जबाब. तुमी द्या ना, मी खाली टाइप करून घेतो. दोघंही राहतीन." वकीलसाहेबायनं कागद घडी करून परत देल्ला. कोर्टात कोणाचंही न ऐकणारा माणूस, पण यमक काही जुळलं नाही...

दादाच्या तेराव्यानंतर वाचनालयाची सभा भरली. ठरलं का साऱ्या झडत्यायचं पुस्तक काढायचं, वर दादाचं नाव, आत फोटो. फक्त तेवढी एक झडती गाळून. पक्की प्रत मीच टाइप करायची. मी दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबायकडे गेलो आन् म्हटलं, मी गाळणार नाही. ते शांतपणे म्हणाले, "मग पुस्तक नाही."

एवढं बोलून आलो खरा, पण रस्त्यातच थबकलो. कारण दादाच्या मायनं, पारूमावशीनं, मले आधीच म्हटलं होतं, "पोरा, त्याचं नाव छापून येऊ दे रे. मले वाचता येत नाई, पण बोटानं चाचपीन."

राजापेठेत गेलो. तिले सारं सांगतलं. तिनं विचारलं,

"कुलूप लावलं होतं का खरंच?"

"हाव मावशी. तिघं सांगतात."

"आन् पुस्तक नाई येत?"

"नाई."

"म्हंजे त्याचं नाव कुठीच नाई येत."

दादा असता तर काय केलं असतं हे मले पक्कं माहीत आहे, पण दादाले मायच्या डोळ्यात पाहून ते करावं लागलं नसतं... म्हणून मासिकाले धाडलेला हा लेख. या पानावर झडती आली, त्याचं नाव आलं, तेवढंच माह्या हातात होतं. हे पान मी तिले नेऊन देईन. वकीलसाहेबायलेही देईन, त्यायचा जबाब आला तर तोही टाइप करीन.

त्या दिवशी मी उठलो तर मावशी म्हणे, "थांब." कोपऱ्यात दादाचा माठ आहे. फिरून आला का तो आधी तिथीच जाये, टोपीसुद्धा न काढता. मावशी तो अजूनही रोज घासते, काठोकाठ भरते, सांजेले ते पाणी तुळशीले घालते. तिनं गडू बुडवला, माह्यापुढे धरला.

"पे," म्हणे. "उन्हातून आला."