रंगाक्काचा चष्मा

चष्म्याच्या दुकानात नव्या डबीतल्या मखमलीचा वास आला आणि बेंगळुरूच्या चिकपेटेतली रंगाक्का आठवली.

साठच्या दशकात आमच्या सेवा क्लबाला परदेशातल्या क्लबाने मखमली डब्यांतून जुने चष्मे पाठवले होते. शिबिरात त्यातला एक मीच तिच्या नाकावर चढवला. तिने लगेच सुईत दोरा ओवला. "अण्णा, भोक दिसतंय रे!"

परदेशी क्लबाला पाठवायचा फोटो निघाला. मग अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, "काढून घ्या. उद्याच्या शिबिरातही फोटोला लागेल."

"अक्का, स्वल्प घट्ट करून आणतो," मी तिला सांगितलं.

"सरी, अण्णा," म्हणत तिने लगेच चष्मा काढून दिला.

मांडव उतरवला तरी ती सुई धरून माझी वाट पाहत होती. मी मागच्या वाटेनेच निघून गेलो.

आज दुकानदार म्हणाला, "सैल आहे सर, द्या, घट्ट करतो." माझा हात चष्म्यावरून निघेना.