धुरपताबाईंमार्फत ब्रेक

मानवतच्या बसस्टँडामागं महारुद्र मिस्त्रीचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या बाबतीत माणूस हुशार, हे मी शेजारी असूनही मान्य करतो. बाकी अकलेचा मला भरवसा नाही. गेल्या दिवाळीनंतर त्यानं दारची दुभती म्हैस विकली आणि कापसाच्या जिनिंगच्या आवारात कडुनिंबाखाली वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी फियाट घरी आणली. तीसुद्धा ट्रॅक्टरनं फरफटत. चाकं फिरतच नव्हती. गल्लीच्या सिमेंटवर त्याचे ओरखडे अजून आहेत.

म्हैस त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, पारडू असल्यापासून वाढवलेली. तिनं आरडाओरडा केला नाही, माहेरीही गेली नाही. नवऱ्याशी बोलणं तेवढं बंद केलं. भाकरी गरम, चहात साखर बरोबर, पण शब्द नाही. काही सांगायचंच झालं तर ती समोरच्या धुरपताबाईंना हाक मारायची. "अक्का, जेवण वाढलंय म्हणावं." महारुद्र तिथंच हातभर अंतरावर बसलेला असायचा. धुरपताबाई त्याच्याकडं वळून निरोप पोचवायच्या आणि जाताना भाजीची चव बघून जायच्या.

महारुद्रनं मनाशी ठरवलं होतं. गाडी चालू करायची, गोजरबाईला पुढच्या सीटवर बसवायचं आणि चारठाण्याला तिच्या माहेरच्या दारात नेऊन उतरवायचं. मग ती बोलेल. मला तो हे इतक्या वेळा सांगायचा की शेवटी मलाही त्याची दया आली. घरात रोज गरम जेवायला मिळूनही तो पार वाळला होता.

पण गाडी ब्रेकवर अडली. पहिल्याच चाकाचा ड्रम उघडला, तर आतला पिस्टन गंजून सिलेंडरात रुतलेला. महारुद्रनं डिझेल सोडलं, शेक दिला, हातोडी चालवली. माझी दुपारची झोप त्यात गेली. पालमच्या त्याच्या साडूनं फोनवरून चिंचेचं पाणी सुचवलं. गल्लीतल्या व्यंकटराव गुरुजींनी शनिवारी नारळ फोडायला सांगितलं. मी भंगारवाला सुचवला, तर महारुद्र दोन दिवस माझ्याशीही बोलला नाही.

शेवटी एकच उपाय उरला. पेडल दाबून ब्रेक ऑइलच्या जोरानंच पिस्टन बाहेर ढकलायचा. त्याला माणसं दोन लागतात, एक चाकाशी आणि एक पेडलवर. दुकानातला गडी लग्नाला गेलेला, धुरपताबाईंचे गुडघे वाकत नव्हते आणि माझी कंबर त्या दिवशी नेमकी धरली होती. राहिली गोजरबाई.

"अक्का, पेडलवर पाय द्यायला येती का इचारा तिला," महारुद्र म्हणाला.

गोजरबाईनं हात पुसले आणि गाडीत जाऊन बसली. महारुद्र चाकापुढं उकिडवा बसला. मधे, बॉनेटला टेकून, धुरपताबाई उभ्या राहिल्या.

"दाब म्हणा."

गोजरबाईला ऐकू आलं होतं, पण ती धुरपताबाईंकडं बघत राहिली.

"दाब म्हणतेत."

तिनं दाबलं.

"हळू दाब म्हणा, अक्का."

"जरा मायेनं दाब म्हणतेत."

"मायेचं त्यांनी बोलू न्हाई म्हणावं."

"बरं म्हणती," धुरपताबाईंनी कळवलं.

असं बराच वेळ चाललं. मी ओट्यावरून बघत होतो आणि कंबर दुखायची राहिली होती. मग पिस्टन किंचित हलला. महारुद्र आनंदानं पार तोंड लावून आत बघायला लागला.

"आलाय, आलाय. बास म्हणा."

धुरपताबाईंना नेमकी तेव्हाच शिंक आली. गोजरबाईनं आणखी एकदा, मन लावून, दाबलं.

पिस्टन सुटला तो महारुद्रच्या गालावर आणि मागोमाग सगळं ऑइल डोळ्यांत. तो भुईवर बसून "आई गं" म्हणत राहिला.

गोजरबाई कधी उतरली ते मला दिसलंच नाही. कळशी आणि तांब्या घेऊन ती त्याच्यापुढं बसली होती.

"चोळू नका. वर बघा. डोळं उघडा म्हणलं ना."

धुरपताबाईंनी सवयीनं त्याच्याकडं तोंड वळवलं आणि तशाच थांबल्या.

ती तांब्यातांब्यानं पाणी मारत राहिली. बऱ्याच वेळानं महारुद्र म्हणाला, "म्हशीचं तुला इचारायला पायजे होतं."

"पायजे होतं," ती म्हणाली. "इचारलं असतं तर मी न्हाई म्हणले असते. पण इचारायचं."

"चुकलंच ते."

तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, गाल सुजलाय का ते दाबून बघितलं आणि चाकाकडं मान वळवली.

"अजून किती हायेत असली?"

"तीन चाकं."

गोजरबाई उठली, परत गाडीत जाऊन बसली आणि पेडलवर पाय ठेवला. धुरपताबाई पदर खोचून पुन्हा बॉनेटला टेकल्या.

"अक्का," गोजरबाई म्हणाली, "तुमी आता घरी जा."