व्याह्यांचा उपास आणि कापशाचा

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. दिवसाढवळ्या, माझ्याच घरात, माझ्याच पाटावर बसून फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्यांच्याविषयी चार चांगली वाक्यं लिहून गेलो तर मी प्रकरण मिटवलं असं कुणी समजू नये. गडहिंग्लजकडून एक पत्र्याची पेटी घेऊन मी हुबळीला आलो, दुसऱ्यांची पोती उचलली, मग स्वतःची पोती भरली, आणि आज अमरगोळच्या बाजार-यार्डात ब्याडगी मिरचीचा ढीग चार हातांवरून हुंगून त्यावर पाणी मारलंय की नाही हे सांगणारी जी दोन-तीन नाकं आहेत, त्यांतलं एक माझं आहे. शेतकऱ्यानं, दलालानं, वकिलानं, कुणीही मला आजवर गंडवलेलं नाही. ते धारवाडच्या एका निवृत्त मोजणीदाराला जमलं. हुबळी-धारवाडात त्यांच्याइतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि सरळ माणसानं फसवलेलं फार लागतं.

ते म्हणजे माझ्या सुनेचे वडील. उभी नोकरी भूमापन खात्यात गेल्यामुळं त्यांना मोजल्याशिवाय जगावर विश्वास ठेवता येत नसे. साखरपुड्याच्या दिवशी आमच्या बैठकीत पाऊल ठेवल्याबरोबर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते पावलं टाकत गेले आणि म्हणाले, "सावकार, तुमच्या स्वयंपाकघराची भिंत चार बोटं तिरकी आहे." हुबळीत व्यापाऱ्याला सावकार म्हणतात, त्यात वावगं काही नाही, पण मुलगी द्यायला आलेल्या माणसानं भिंतीला नावं ठेवावीत? मी रागानं गवंडी बोलावला. भिंत चार बोटं तिरकीच निघाली. बारा महिने त्यांच्या काखेत छत्री, पण उघडलेली कुणी पाहिली नाही. ती त्यांची मोजपट्टी होती, खरेदी करण्याआधी पलंगापासून भोपळ्यापर्यंत सगळ्याला लावायची. माणसांशी ते मराठीत बोलत आणि जनावरांशी कानडीत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "मराठी आपण घरातली माणसं बोलतो. जनावरं इथली आहेत, त्यांनी आपली भाषा का शिकावी?" दारातल्या गाईनं मान हलवली, ती मी स्वतः पाहिली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्यांची एक गोष्ट माझ्या जिव्हारी लागत होती. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. बहुतेक लोक ती वर्षभर पाळतात, मग चहा घेतात, मग चहाबरोबर चिवडा, आणि एक दिवस पंगतीला बसतात. व्याह्यांनी ती तसूभर हलू दिली नाही. महिन्यातून एकदा शनिवारी ते धारवाडहून बसनं लेकीला भेटायला येत, येताना फिरकीच्या तांब्यात स्वतःचं पाणी आणि डब्यात स्वतःचं जेवण आणत. दुपारी बारा वाजले की उठत, चपला घालत, आणि माझ्या फाटकासमोरच्या मोरीच्या कट्ट्यावर बसून जेवत. केशवापूरचा तो भरता रस्ता! जाणारा-येणारा थांबून बघायचा. आमच्या शेजारच्या वकिलीणबाईंनी एकदा कुंपणावरून विचारलंच, "अय्यो सावकार, व्याह्यांना घरात जागा नाही काय?" ज्या माणसाच्या घरी हमालसुद्धा जेवल्याशिवाय जात नाही, त्याचा, म्हणजे माझा, व्याही रस्त्यावर जेवतो! आणि हे आठ वर्षं. कारण आठ वर्षं मूल नव्हतं.

सूनबाई स्वभावानं गोड, पण हळूहळू तिचं बोलणं कमी होत गेलं होतं. बारशाची आमंत्रणं आली की तिचं डोकं दुखायचं. मग एका पंचमीला ती माहेराहून परतली ती टोपलीत पांढरा ससा घेऊन. व्याह्यांनीच दोन वर्षं तो वाढवलेला. वखारीतल्या पहिल्या प्रतीच्या कापसासारखा तो दिसला म्हणून मीच त्याचं नाव कापशा ठेवलं. सूनबाई त्याच्याशी बोलू लागली, त्याच्यामागं धावू लागली, आणि एक दिवस स्वयंपाकघरात तिच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा माझी बायको पोळी तव्यावर तशीच ठेवून बघायला गेली. ती पोळी करपली.

व्याह्यांनी पाठवताना सांगितलं होतं : हरळी, पाणी, आणि बाकी काही नाही. मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या घरी आलेल्यानं गवत खायचं? बायको म्हणाली, "एवढासा जीव तो, आपल्याला काय कमी आहे?" झालं. कापशाला सकाळी तुपातली पोळी, दुपारी गूळ-शेंगदाणे, संध्याकाळी चहात बुडवलेलं बिस्किट. मी दुकानातून येताना पेढा आणायचा, तो हातातून घ्यायचा. लोक आले की मी त्यांना दाखवायचो : माझ्या घरचा ससा पेढा खातो!

तिसऱ्या महिन्यात त्यानं पेढ्याकडं पाठ फिरवली. मग पोळीकडं, मग सगळ्याकडंच. टोपलीच्या कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून बसला, दात करकरायला लागला. गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. प्रामाणिक माणूस, म्हणाले, "सावकार, मी म्हशींचा डॉक्टर. माझ्या मात्रेत हा बुडून मरेल." सूनबाई टोपलीशेजारी बसली ती उठेना. तिनं मला एवढंच विचारलं, "मामंजी, हाही जाणार का हो?" त्यातला 'ही' मला ऐकू आला. आठ वर्षांत त्या पोरीनं काय काय मनात ठेवलं होतं ते मला त्या एका प्रश्नात कळलं, आणि मी दुकानातून धारवाडला व्याह्यांच्या शेजाऱ्याकडं फोन लावला.

पुढच्या बसनं ते हजर. खांद्यावर हरळीनं भरलेलं पोतं, हातात तांब्या आणि डबा. कापशाला उचलून त्याच्या पोटाला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "गिरणी बंद आहे. काय घातलंत?" माझ्या बायकोनं अभिमानानं सगळी यादी सांगितली. ते माझ्याकडं वळले. "सावकार, तुम्ही याला जावई समजलात. हा ससा आहे." असं मला माझ्या घरात कुणी बोललेलं नाही. मी तोंड उघडलं, पण सूनबाई बघत होती, म्हणून मिटलं.

मग सुरू झाली ती सेवा. पेढे, पोळ्या सगळं बंद. हरळी वाटून, गाळून, त्याचं पाणी शाईच्या ड्रॉपरनं गालफडात थेंब थेंब. दर तासाला मांडीवर घेऊन पोट चोळायचं, मग खाली सोडून बैठकीत दोन फेऱ्या चालवायचं. पुढं कापशा, मागं वाकलेले व्याही, आणि कानडीत समजूत : "एनातप्पा? याक तिन्नवल्ली?" म्हणजे काय झालं बाबा, का खात नाहीस. मोजणीच्या वहीत ते सशाच्या लेंड्यांची नोंद ठेवत : किती, केवढ्या, किती वाजता. पहिल्या दिवशीचं पान कोरं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वही उंचावून ओरडले, "दोन! लहान आहेत, पण आहेत!" आणि मी, ब्याडगीचा व्यापारी, हातातलं काम टाकून सशाच्या दोन लेंड्या बघायला धावलो. पण स्वतःहून तो काडीला तोंड लावीना. "स्वतःहून खाल्लं तर वाचला," व्याही म्हणाले, "ड्रॉपरवर फार दिवस ओढता येत नाही."

हे करताना स्वतः मात्र बाराच्या ठोक्याला कट्ट्यावर, आणि तांब्या संपला की रस्त्यावरच्या नळाला! दुसऱ्या दिवशी माझा संयम सुटला. म्हटलं, "घरात एक उपाशी आहे ते पुरे आहे. तुम्ही बाहेर जेवता, लोक काय म्हणतात माहीत आहे?"

"त्या लोकांना मुली नसतील."

"मग सौदा करू," मी म्हटलं आणि सवयीनं खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या हातावर टाकून खालून बोटं धरली. यार्डात आम्ही भाव असाच ठरवतो, बोटांवर, झाकून.

"टॉवेल काढा हो, गुदगुल्या होतात. तोंडानं बोला."

"कापशानं स्वतःहून खाल्लं, की त्याच दिवशी तुम्ही या घरात, या पाटावर बसून जेवायचं."

त्यांनी लेकीकडं पाहिलं. विचार केला. "कबूल," म्हणाले.

इथं मी चुकलो, आणि ही चूक मिरचीवाल्याचीच. ढीग डोळ्यांसमोर असतो, म्हणून सौदा करताना आम्ही मालाचं नाव कधी घेत नाही. घर सांगितलं, पाट सांगितला, दिवस सांगितला. जेवण कुणाचं, ते सांगायचं राहिलं.

तिसऱ्या दिवशी बाराला ते उठले तेव्हा सूनबाई म्हणाली, "अप्पा, तुम्ही गेलात की तो मान टाकतो. आज जाऊ नका." ते दारात थांबले. मग माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, पाट द्या." आठ वर्षांत पहिल्यांदा! तिनं पाट मांडला आणि ताट घ्यायला आत पळाली. व्याह्यांनी पाट टोपलीला भिडवला, त्यावर बसले, आणि डबा उघडला. त्यात धारवाडची कडक भाकरी, महिनाभर टिकते ती, पापडासारखी, आणि शेंगाचटणी. त्यांनी भाकरी मोडली. काड् असा आवाज झाला. कापशाचा एक कान उभा राहिला. ते चावू लागले, कुर्रम् कुर्रम्, सावकाश, सशाकडं न बघता. दुसरा कान उभा राहिला. धारवाडच्या घरी दोन वर्षं हे दोघं रोज असेच शेजारी बसून जेवले होते, हे मला नंतर कळलं. व्याह्यांनी हरळीची एक काडी पुढं सरकवली. कापशानं ती हुंगली, आणि ओढली. एकीकडं भाकरी कुर्रम् कुर्रम्, एकीकडं काडी कर्र कर्र. सूनबाईनं पदर तोंडाला लावला होता. हसत होती की रडत होती ते मी पाहिलं नाही, मलाच नीट दिसत नव्हतं.

भानावर आल्यावर मी ओरडलो, "वाढा! खाल्लं त्यानं! ताट आणा!"

व्याह्यांनी हात वर केला. "सौदा पुरा झाला, सावकार. सशानं खाल्लं. मी तुमच्या घरात, तुमच्या पाटावर जेवलो."

मी जे बोललो ते वकिलीणबाईंना कुंपणापलीकडं ऐकू गेलं. "ही फसवणूक आहे! यार्डात असं कुणी केलं तर त्याला परत उभं करत नाहीत!"

"यार्डात मिरची आहे," ते शांतपणे म्हणाले. "इथं माझी मुलगी आहे. तिच्यासाठी पाळलेलं मध्येच सोडलं, तर तिला मूल होणार नाही असं मीच ठरवल्यासारखं होईल." आणि अर्धी भाकरी, वर चटणी घालून, माझ्या हातावर ठेवली. मुलाच्या बापाला कसलीच बंदी नसते. मी माझ्याच घरात व्याह्यांचा पाहुणा झालो. भाकरी, खोटं कशाला बोलू, उत्तम होती.

कापशा वाचला, पुढं चार वर्षं हरळी खाऊन टुणटुणीत राहिला. आणि सौद्याचा एक फायदा मी सोडला नाही : त्यानंतर ते कट्ट्यावर कधी जेवले नाहीत. डबा त्यांचा, पाट माझा. ही हकीकत मी यार्डात किती वेळा सांगितली असेल! दुसरा असता तर फसलेलं लपवलं असतं. मी छाती काढून सांगायचो, की मला गंडवणारा एकच माणूस आहे आणि तो माझा व्याही आहे.

अकराव्या वर्षी सूनबाईला दिवस गेले. बातमी ऐकून ते भेटीच्या शनिवारची वाट न बघता आले. मोजणीच्या वहीचं एक पान फाडून माझ्या बायकोच्या हातात दिलं. त्यावर त्यांच्या त्या सरळ अक्षरात लिहिलं होतं : भरली वांगी, कारळ्याची चटणी, गोडाला मादली, वर तूप. आणि सगळ्यांत खाली : सुरुवातीला तुमच्या घरचं एक तांब्या पाणी. अकरा वर्षं हा माणूस काय काय खायचं ते ठरवून बसला होता!

सातव्या महिन्यात ते गेले. सकाळी फिरायला म्हणून निघाले आणि धारवाडच्या रस्त्यात बसकण मारली ती उठले नाहीत.

नात झाली. बारशाला त्या पानाप्रमाणे सगळं रांधलं, पंगत उठली, लोक मादलीची तारीफ करत गेले. पान माझ्या तिजोरीत आहे. दोन महिने कमी पडले, फक्त दोन. मी यार्डात तोंडओळखीच्या माणसालाही दोन महिन्यांची मुदत देतो, त्यासाठी कुणाला माझे पाय धरावे लागत नाहीत. वर बसून ज्यानं हा हिशोब केला त्यानं, किंवा न विचारता उठून गेलेल्या माझ्या व्याह्यांनी, दोघांपैकी कुणीतरी एकदा माझ्यासमोर येऊन बसावं आणि जबाब द्यावा : एवढी कसली घाई होती?