समोरच्याने तारीख घेतली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. रोह्याच्या कोर्टातल्या एका दाव्यात तारखा मीच मागत होतो आणि अशिलाला सांगत होतो, समोरच्याने घेतली. हे वाक्य आमच्या धंद्यात इतकं सवयीचं आहे की बोलताना ते खोटं वाटतही नाही.

मी तेव्हा पेणला पंचायत समितीचा सभापती होतो. लोकांना वाटतं, सभापती म्हणजे गाडी आणि खुर्ची. सकाळी सातला फोन, हातपंप बंद आहे. साडेसातला दुसरा फोन, त्याच हातपंपाच्या उद्घाटनाच्या पाटीवर आमचं नाव का नाही. मासिक सभेत निम्मा वेळ भांडण कशावर, तर मागच्या कार्यक्रमात कोण कुणाच्या शेजारी बसलं. आणि नेमकी त्याच दिवशी रोह्याला तारीख. मधला हायवे कायमचा खणलेला. मग मी ज्युनियरला सांगायचो, "अर्ज दे. आजारी आहे म्हण." कागदोपत्री मी इतक्या वेळा आजारी पडलो की कोर्टाने एकदा तरी तब्येत विचारायला हवी होती. तो आजारी माणूस तेव्हा पेणला गळ्यात हार घालून भाषण करत असायचा.

दावा साधा होता. खांब या गावाजवळचे एक म्हातारे. पुतण्याने शेताचा बांध आत सरकवला, अशी त्यांची तक्रार. मूळ बांध कुठे होता हे डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच एक उरले होते, म्हणून सगळी मदार त्यांच्या साक्षीवर. विधवा सून त्यांना एसटीने घेऊन यायची, आणि दोघं कोर्टाच्या व्हरांड्यात बसायची. मी पेणहून फोन करायचो.

"काका, समोरच्याने तारीख घेतली."

"परत? त्याला सांगा, मी काय अमर नाय."

एकदा म्हणाले, "पुढच्या वेळी तुमच्या सभेलाच येतो वकीलसाहेब. तिथं वडा तरी भेटतो." मी हसलो, आणि फोन ठेवल्यावर त्यांच्यावरच चिडलो. इथे मला श्वास घ्यायला वेळ नाही आणि यांना वडा सुचतोय.

साक्ष न देताच ते गेले. दाव्यात सुनेचं नाव लागलं, पण ती लग्न होऊन यायच्या आधीचा बांध तिने कुठून पाहिलेला असणार? दावा फेटाळला गेला.

पुढे माझं सभापतिपदही गेलं. हार थांबले, फोन थांबले. हायवे तेवढा तसाच राहिला.

यंदा चैत्रात तो पुतण्या, म्हणजे त्या सुनेचा चुलत दीर, लग्नाची पत्रिका घेऊन माझ्या ऑफिसात आला.

"पोरीचं लगीन हाय. वहिनी दारात उभं करत नाय. म्हणते, तारखा घेऊन घेऊन म्हाताऱ्याला मारलास."

मी समोरची फाईल उघडली.

"साहेब, मी एकच तारीख मागितली. पाय मोडला होता तेव्हा. बाकीच्या कोणी मागितल्या ते कोर्टाच्या रोजनाम्यात लिहिलेलं हाय. माझ्या वकिलाने वाचून दाखवलंय."

"मग तूच सांग ना तिला."

"मी खरं सांगितलं तरी तिला खोटं वाटतं. तुम्ही खोटं सांगितलं तरी खरं वाटतं. म्हणून तुमच्याकडं आलो."

मला राग आला. म्हटलं, "बांध देतोस का परत?"

"बांधाचं कोर्टानं सांगितलं. मी माणसाचं सांगायला आलोय," म्हणाला, आणि पत्रिका टेबलावर ठेवून गेला.

रविवारी मी तिच्याकडे गेलो. तिने खुर्ची पुसून दिली. शेजारणीला हाक मारली, "ये गो, बघ कोण आलंय. सभापती असून आमच्यासाठी लढले." असल्या वेळी माणसाने निदान थोडा संशय घ्यावा. तिने चहात साखर जास्त घातली.

मी म्हटलं, "ताई, दिराच्या मुलीच्या लग्नाला जा."

"तुमचा शब्द मी कधी मोडला नाय. पण आमचा म्हातारा त्या व्हरांड्यात बसून बसून गेला. त्याच्यामुळंच ना, वकीलसाहेब? तुम्ही तर सगळं बघितलंय."

याहून सरळ प्रश्न मला कुठल्याही न्यायाधीशाने विचारलेला नाही. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "कोर्टाचं काम असंच असतं, ताई."

एवढंच. घसा चांगला होता, तब्येत ठणठणीत होती, रस्ताही त्या दिवशी मोकळा होता.

लग्न झालं. ती गेली नाही. नवरी पाया पडायला तिच्या दारात आली, तेव्हा तिने आतून कडी लावून घेतली. हे मला दिराने फोनवर सांगितलं. एक शब्द वावगा बोलला नाही, त्याचाच मला जास्त वैताग आला.

तिला सांगायचं माझ्याकडे अजून बाकी आहे: दिराने एकच तारीख घेतली होती, बाकीच्या सगळ्या मी घेतल्या.